प्रश्न तुमचे : चेंडू टोपीच्या कोणत्या बाजूने सुटतो?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या बेसबॉलविषयक पत्रांपैकी बरीचशी एकाच अडचणीची आहेत. एरवी बरी फलंदाजी करणारी मुले समोर डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) आला की गोंधळून जातात, आणि मोठ्यांना त्याचे कारण नेमके सांगता येत नाही. त्यांतली पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा असून उजव्या बाजूने फलंदाजी करतो. उजव्या हाताच्या पिचरसमोर तो निर्धास्त खेळतो. पण मागच्या सामन्यात एका डावखुऱ्या मुलाने त्याला तिन्ही वेळा बाद केले, आणि त्यांतल्या दोन वेळा तर तिसऱ्या स्ट्राइकवर (तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद) त्याने बॅटसुद्धा फिरवली नाही. मी स्वतः क्रिकेट खेळलेलो आहे, बेसबॉल मुलामुळे शिकतो आहे. डावखुऱ्या पिचरसमोर उजव्या फलंदाजाला फायदा असतो असे वाचले होते. मग इथे उलटे का झाले? त्याचा स्टान्स बदलावा का?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, पण तो फायदा ज्याला डावखुरे पिचर भरपूर पाहायला मिळाले आहेत त्याचा असतो. डावखुऱ्याचा कर्व्ह (वळणारा चेंडू) उजव्या फलंदाजाच्या अंगाकडे वळतो, त्यामुळे तो बॅटच्या टप्प्यातून निसटत नाही, आणि चेंडू हातातून सुटतानाही समोरून स्वच्छ दिसतो. मोठ्यांच्या खेळात उजव्या फलंदाजांना याचा लाभ मिळतो. पण माणसांत डावखुरे साधारण दहात एक, त्यामुळे अकरा वर्षांच्या मुलाने आजवर पाहिलेल्या चेंडूंपैकी जवळजवळ सगळे उजव्या हातातूनच आलेले असतात. चेंडू कुठून निघाला की कुठे पोहोचतो, याचा हिशेब त्याच्या डोळ्यांनी त्याच चेंडूंवरून बांधलेला असतो.

हा हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. फलंदाजाच्या जागेवरून माउंडकडे, म्हणजे पिचर उभा असतो त्या उंचवट्याकडे, पाहिले, तर उजव्या पिचरचा चेंडू त्याच्या टोपीच्या डाव्या बाजूने, म्हणजे थर्ड बेसच्या अंगाने सुटतो. आपला मुलगाही प्लेटच्या (फलंदाजापुढे जमिनीत बसवलेल्या होम प्लेट या पाटीच्या) त्याच बाजूला उभा असतो. म्हणजे चेंडू त्याच्या जवळून निघतो आणि प्लेटकडे, त्याच्यापासून दूर सरकत जातो. डावखुऱ्याचा चेंडू टोपीच्या उजव्या बाजूने सुटतो, सुरुवातीला प्लेटच्या बाहेर असल्यासारखा दिसतो आणि मग आत येतो. जुन्या हिशेबाने खेळणारा मुलगा बाहेर दिसलेला चेंडू 'बॉल', म्हणजे टप्प्याबाहेरचा, समजून सोडून देतो आणि पंच स्ट्राइक पुकारतात. उलट मधोमध दिसणाऱ्या चेंडूवर तो हौसेने बॅट फिरवतो आणि तो चेंडू येऊन त्याच्या मुठीपाशी लागतो. आपल्या मुलाने दोनदा बॅट फिरवली नाही, यामागे माझ्या मते भीती किंवा आळस नसून हेच कारण असावे.

हा फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही. दोन पिचरांच्या चेंडू सुटण्याच्या जागांमध्ये सहज तीन-चार फुटांचे अंतर पडते आणि होम प्लेट जेमतेम 17 इंच रुंद असते. वेळही फार नसतो. बारा वर्षांपर्यंतच्या लिटल लीगच्या (मुलांच्या बेसबॉलच्या) मैदानावर पिचरचे रबर, म्हणजे त्याने पाय टेकायची पट्टी, प्लेटपासून 46 फुटांवर असते. ताशी 60 मैलांचा चेंडू सेकंदाला 88 फूट कापतो. पिचर पुढे झेपावून चेंडू सोडतो, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर एकेचाळीस फुटांच्या आसपास उरते आणि ते अर्ध्या सेकंदाच्या आत संपते. इतक्या वेळात चुकीच्या बाजूला लागलेली नजर हलवून चेंडू शोधायचा म्हटले तर निम्मा रस्ता संपलेला असतो.

माझ्याकडे सरावाला येणाऱ्या एका मुलाला, तो असाच बाद होऊन परतल्यावर, मी थांबवले आणि एवढेच विचारले की पिचरच्या टोपीच्या कोणत्या बाजूने चेंडू सुटत होता. त्याने हात उचलून टोपीच्या डाव्या बाजूला बोट दाखवले. पिचर डावखुरा आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. सामना सुरू होण्यापूर्वी तेच तर तो सगळ्यांना सांगत होता. पण त्याची नजर सवयीने जुन्या जागीच जाऊन बसत होती.

म्हणून स्टान्सला हात लावू नका, आणि स्विंगला तर मुळीच नको. या वयात दोन वेगवेगळ्या पिचरांसाठी दोन स्टान्स शिकवले की मुलाच्या हाती एकही राहत नाही. त्याला फक्त पाहायला शिकवा. पिचर हालचाल सुरू करीपर्यंत नजर त्याच्या टोपीवर किंवा छातीवर सैल ठेवावी, आणि हात वर येताच टोपीच्या उजवीकडच्या हातभर चौकोनात न्यावी, कारण चेंडू तिथूनच सुटणार आहे. आपली पाळी येण्याआधी ऑन-डेक सर्कलमध्ये (पुढच्या फलंदाजाच्या थांबण्याच्या जागी) उभे असताना प्रत्येक चेंडूला हा चौकोन शोधायचा, एवढे एकच काम त्याला द्या. फलंदाजीत मात्र एक धोरण सांगता येईल : चेंडू सेंटर फील्डकडे किंवा राइट फील्डकडे मारण्याचा विचार मनात ठेवावा. डावखुऱ्याचा चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) उजव्या फलंदाजापासून बाहेर आणि खाली सरकतो, आणि सगळे चेंडू थर्ड बेसच्या बाजूला ओढू पाहणारा मुलगा त्याला हमखास बळी पडतो.

आपण क्रिकेट खेळला आहात म्हणून एक जोड देतो. डावखुरा गोलंदाज ओव्हर द विकेट सोडून राउंड द विकेट आला की चेंडूचा कोन किती बदलतो, हे आपण अनुभवले असेल. बेसबॉलमध्ये पिचरला तेवढी मोकळीक नसते, कारण चेंडू टाकायला सुरुवात करताना त्याचा पाय रबरला टेकलेलाच हवा आणि ते रबर मोठ्यांच्या खेळातही 24 इंचच लांब असते. डावखुरा फार तर फर्स्ट बेसकडच्या टोकावरून थर्ड बेसकडच्या टोकावर सरकेल. त्यामुळे कोन एकदा ओळखीचा झाला की बहुतांशी तसाच राहतो. हा मुलांच्या बाजूचा मुद्दा आहे.

प्रश्न : मी दहा ते बारा वयोगटाच्या संघाला शिकवते. आमच्याकडे डावखुरा मुलगा एकच आहे. मोठ्या स्पर्धेपूर्वी सगळ्यांना डावखुऱ्या चेंडूंची सवय व्हावी म्हणून रोज सरावात त्यालाच पिचिंग करायला लावावे, असे काही पालक सुचवतात. हे योग्य होईल का? मी स्वतः उजव्या हाताने चेंडू टाकते. डाव्या हाताने टाकून पाहिले, पण चेंडू प्लेटपर्यंत नीट जात नाही.

उत्तर : पालकांचे हे सुचवणे कृपया मान्य करू नका. लिटल लीगच्या नियमांप्रमाणे नऊ-दहा वर्षांच्या पिचरने एका दिवसात 75 आणि अकरा-बारा वर्षांच्या पिचरने 85 पेक्षा जास्त चेंडू टाकायचे नसतात, आणि 66 किंवा अधिक चेंडू टाकले तर चार दिवस विश्रांती द्यावी लागते. ही मोजणी सामन्यातल्या चेंडूंची आहे; खांदा आणि कोपर मात्र सरावातले चेंडूही मोजतात. दहा-बारा फलंदाजांना प्रत्येकी दहा चेंडू टाकले तरी आकडा शंभराच्या पुढे जातो. संघातला एकुलता एक डावखुरा मुलगा इतरांच्या सरावाचे यंत्र होऊन बसतो आणि त्याची स्वतःची फलंदाजी मागे पडते, हे मी एकापेक्षा अधिक संघांत पाहिले आहे आणि दर वेळी वाईट वाटले आहे.

आपला उजवा हात पुरेसा आहे. उजव्या हाताच्या पिचरचा चेंडू सुटतो ती जागा साधारण दीड-दोन फूट थर्ड बेसच्या अंगाला असते आणि डावखुऱ्याची तितकीच फर्स्ट बेसच्या अंगाला. म्हणजे आपण नेहमीच्या जागेवरून तीन ते चार फूट फर्स्ट बेसकडे सरकून उजव्या हातानेच चेंडू टाकला, तरी तो डावखुऱ्याच्या हाताच्या जागेवरून निघेल. चेंडूची फिरकी डावखुऱ्यासारखी होणार नाही, परंतु कोन हुबेहूब तोच मिळेल, आणि या वयाच्या मुलांची नव्वद टक्के अडचण कोनाचीच असते असे माझे मत आहे. सरकताना एल आकाराची संरक्षक जाळी आपल्याबरोबर सरकवायला मात्र विसरू नका. जागा बदलली आणि जाळी तिथेच राहिली, असे गडबडीत होते आणि परतून आलेला चेंडू पोटरीवर किंवा बरगडीवर बसतो. जाळीमागून वीस-पंचवीस फुटांवरून हलके चेंडू टाकायचे असतील तरीही हीच युक्ती वापरा. अंतर कमी झाल्यावर कोन तोच ठेवायचा असेल तर बाजूला सरकणे थोडे कमी करावे लागेल, नाहीतर चेंडू मैदानाबाहेरून आल्यासारखा येईल आणि मुले भलतेच काही शिकतील.

पिचिंग मशीन असेल तर तेही माउंडच्या मधोमध न ठेवता दोन फूट फर्स्ट बेसकडे ठेवून त्याचे तोंड प्लेटकडे वळवावे. अनेक ठिकाणी मशीन एकदा मध्यावर बसवले की वर्षभर हलत नाही आणि मुले अशा पिचरसमोर सराव करत राहतात, ज्याचा हात थेट छातीतून फुटतो! मशीनचा दुसरा दोष असा की त्यात हात दिसत नाही, त्यामुळे नजर कुठे न्यायची हा सराव त्यावर होत नाही. मशीनचा वापर त्यामुळे बेताचाच ठेवावा.

एकुलत्या एका डावखुऱ्या मुलाचा उपयोग एका रीतीने मात्र जरूर करा. पिचिंगच्या त्याच्या स्वतःच्या ठरलेल्या सरावाला, ज्यात तो एरवीही वीस-पंचवीस चेंडू टाकणारच असतो, आळीपाळीने दोन-तीन फलंदाजांना हेल्मेट घालून प्लेटपाशी उभे करा. बॅट हातात असेल, पण फिरवायची नाही. चेंडू सुटताक्षणी फलंदाजाने मोठ्याने 'आत' किंवा 'बाहेर' म्हणायचे आणि चेंडू कॅचरच्या हातमोज्यात पडल्यावर 'स्ट्राइक' किंवा 'बॉल' म्हणायचे. पहिल्या दिवशी दोन्ही उत्तरे चुकतात आणि मुले खिदळतात; तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिला शब्द बरोबर येऊ लागतो. त्यासाठी एकही जास्तीचा चेंडू टाकावा लागत नाही. आणि हो, डाव्या हाताने टेनिसचा चेंडू पंधरा-वीस फुटांवरून हळूच टाकणे बहुतेकांना थोड्या दिवसांत जमते. आपणही प्रयत्न सोडू नका. त्यातून मुलांना हाताची हालचाल दिसते.

प्रश्न : सर, मी तेरा वर्षांची आहे आणि डाव्या बाजूने बॅटिंग करते. डावखुरा पिचर असला की चेंडू माझ्या पाठीमागून येतो असे वाटते. माझा पुढचा पाय आपोआप फर्स्ट बेसकडे पळतो. पाय पळवायचा नाही असे मी दर वेळी ठरवते, तरी तो पळतोच. कोच म्हणतात, घाबरू नकोस. काय करू?

उत्तर : तुझे पत्र आवडले, कारण पाय 'पळतो' हे तू अगदी अचूक लिहिले आहेस. पहिली गोष्ट अशी की चेंडू पाठीमागून येतो असे तुला वाटते ते फारसे चूक नाही. तू फर्स्ट बेसच्या बाजूला उभी असतेस आणि डावखुऱ्याचा हातही त्याच बाजूला असतो, त्यामुळे चेंडू तुझ्या पाठीच्या रेषेतून निघाल्यासारखा दिसतो. डाव्या फलंदाजाला डावखुरा पिचर हा खेळातला सर्वांत अवघड जोड समजतात. 1993 च्या ऑल-स्टार सामन्यात (अमेरिकेतल्या निवडक व्यावसायिक खेळाडूंच्या सामन्यात) सहा फूट दहा इंच उंचीच्या डावखुऱ्या पिचरने, रँडी जॉन्सनने, डावा फलंदाज जॉन क्रुकच्या डोक्यावरून चेंडू सोडला, तेव्हा क्रुकने उरलेले चेंडू कसेबसे खेळून बाद होणे पत्करले. 1997 च्या ऑल-स्टार सामन्यात त्याच जॉन्सनचा चेंडू डोक्यावरून गेल्यावर डावा फलंदाज लॅरी वॉकर हेल्मेट उलटे घालून चक्क उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. अर्थात ते गमतीत होते. पुढच्या चेंडूला तो आपल्या बाजूला परतला आणि त्याने वॉक (चार 'बॉल' पडल्यावर मिळणारा फर्स्ट बेस) मिळवला. उलट इचिरो सुझुकी, ज्याने 2004 साली एका मोसमात 262 हिट्सचा (चेंडू मारून बेस गाठण्याचा) विक्रम केला, तोही डाव्या बाजूनेच खेळत असे आणि डावखुऱ्यांना उत्तम खेळत असे. म्हणजे हे जमण्यासारखे आहे.

आता एक चाचणी कर. प्लेटपाशी नेहमीसारखी उभी राहा, मैत्रिणीला माउंडवर डावा हात उंच धरून उभी कर आणि तुझा पुढचा, म्हणजे उजवा डोळा हाताने झाक. फक्त डाव्या डोळ्याने तिचा हात पूर्ण दिसतो का? नाक आड येत असेल तर तू सामन्यातही चेंडू एकाच डोळ्याने पाहते आहेस, आणि मग तो किती दूर आहे हे डोळ्यांना नीट उमगत नाही. अशा वेळी मान पिचरकडे आणखी वळव. मान ताणली जात असेल तर पुढचा पाय प्लेटपासून तीन-चार इंच मागे घेऊन उभी राहा, म्हणजे छाती किंचित पिचरकडे उघडेल. उजव्या फलंदाजाच्या वडिलांना मी वर स्टान्स बदलू नका असे सांगितले आहे. तुला हा छोटा बदल सुचवतो, कारण तुझी गोष्ट वेगळी आहे. त्याला न बदलता चेंडू दिसतो, तुला दिसत नाही. मात्र चेंडू येताना पाऊल पिचरच्या दिशेनेच पडले पाहिजे.

त्यासाठी सरावात पुढच्या पायाच्या मागे, जिकडे तो पळतो तिकडे, एक बॅट जमिनीवर आडवी ठेव. पाऊल तिच्यावर पडता कामा नये. हा सराव आधी टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या स्टँडवर) ठेवलेल्या चेंडूने कर, मग टेनिसच्या चेंडूने, आणि खऱ्या चेंडूच्या वेळी बॅट उचलून बाजूला ठेव, नाहीतर पाय मुरगळेल.

'घाबरू नकोस' म्हणून कोणाची भीती जात नाही. चेंडू अंगावर आला तर काय करायचे हे शरीराला ठाऊक झाले की पाय कमी पळतो. म्हणून कोचना टेनिसचे चेंडू मुद्दाम तुझ्या अंगावर टाकायला सांग. पुढचा खांदा आत, कॅचरकडे वळव, हनुवटी छातीला लाव, बॅट खाली घे आणि चेंडू पाठीवर किंवा दंडाच्या मागच्या भागावर घे. असे वीस-तीस वेळा केलेस की ही वळण्याची क्रिया आपोआप होईल. मागे फर्स्ट बेसकडे झुकण्यात उलट छाती आणि चेहरा उघडा पडतो.

आणि एक खूण लक्षात ठेव. डावखुऱ्याचा जो चेंडू सुटताना तुझ्या पुढच्या कोपराकडे येतोसा वाटतो, तो बहुधा प्लेटवर येतो. जो सुटतानाच प्लेटच्या मध्यावर दिसतो, तो बहुधा बाहेर निघून जातो. दुसऱ्या प्रकारच्या चेंडूंचा मोह सोड. पहिल्या प्रकारचा चेंडू शॉर्टस्टॉपच्या (सेकंड आणि थर्ड बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) डोक्यावरून मारायचा, असे मनात धरून उभी राहा. तसे धरले की खांदा लवकर उघडत नाही.

प्रश्न : माझा नातू आठ वर्षांचा आहे, उजव्या बाजूने खेळतो. त्याला आत्तापासून दोन्ही बाजूंनी फलंदाजी शिकवली तर पुढे डावखुऱ्या-उजव्याचा प्रश्नच राहणार नाही, असे मला वाटते. आपले मत काय?

उत्तर : आजोबा, आपल्या कल्पनेला मोठा आधार आहे. अमेरिकेतला नामवंत फलंदाज मिकी मँटल याला लहानपणी उजव्या हाताचे वडील आणि डावखुरे आजोबा आळीपाळीने चेंडू टाकत आणि तो त्यानुसार बाजू बदलत असे. पुढे तो दोन्ही बाजूंनी खेळणाऱ्यांत सर्वश्रेष्ठ गणला गेला. पण आपल्या नातवाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो उजवा फलंदाज असल्यामुळे डावखुऱ्या पिचरसमोर बाजू बदलण्याची त्याला गरजच पडणार नाही. नवी डावी बाजू त्याला उजव्या पिचरांसाठी लागेल, जे त्याला आत्ताही जड जात नाहीत. खेळ म्हणून घरच्या अंगणात दोन्ही बाजूंनी मारू द्यावे, त्याला गोडी लागली तर उत्तमच. पण सरावाचा निम्मा वेळ सक्तीने त्यात घालवू नये. आपण डावखुरे असाल तर मात्र मँटलच्या आजोबांचे काम अवश्य करावे.

प्रश्न : आमच्या संघात तीन डावे फलंदाज आहेत. समोर डावखुरा पिचर असला की मी त्यांना बसवून उजव्यांना खेळवतो. व्यावसायिक संघही असेच करतात. एका पालकाने यावर आक्षेप घेतला आहे.

उत्तर : पालकांचा आक्षेप मला मान्य आहे. व्यावसायिक संघ हे करतात हे खरे. व्यवस्थापक जॉर्ज स्टॉलिंग्जच्या बोस्टन ब्रेव्हज संघाने 1914 साली अशी अदलाबदल करून विजेतेपद मिळवले, आणि व्यवस्थापक केसी स्टेंगेलने यँकीज संघाकडून 1949 ते 1953 अशी सलग पाच वर्ल्ड सिरीज (मोसमाच्या अंतिम लढती) जिंकताना याचा भरपूर वापर केला. परंतु त्यांचे खेळाडू घडून आलेले होते आणि त्यांचे काम जिंकण्याचे होते. आपल्या तीन मुलांना वर्षभरात डावखुरे पिचर मुळात दोन-चारदाच भेटणार, आणि तेव्हाच ती बाकावर असतील, तर त्यांची अडचण पंधराव्या वर्षीही तशीच राहील. मग त्या वेळचा प्रशिक्षक त्यांना बसवेल आणि त्याला तसे करायला सबळ कारणही असेल.

सामना चुरशीचा असेल तर त्यांना फलंदाजीच्या क्रमात खाली घ्या, पण खेळवा. तिघांना लागोपाठ ठेवू नका, म्हणजे पिचरला एकच चेंडू तिघांवर चालवता येणार नाही. आणि त्या दिवशी त्यांच्याकडून हिटची अपेक्षा न धरता बाद होऊन आल्यावर तिघांनाही एकच प्रश्न विचारा, की शेवटचा चेंडू सुटताना कुठे दिसला आणि प्लेटवर कुठे आला. ज्याला ते सांगता येते, त्याला पुढच्या वेळी पुन्हा वरच्या क्रमांकावर पाठवायला हरकत नाही.